पिशवीतील दोन वजने



आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात विम्याचे एखादे तरी कागदपत्र असेल. ते आपण पूर्ण वाचले आहे काय? हा प्रश्न मी आपणांस दोष देण्यासाठी विचारीत नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे तो मनात येतो, आणि ती चूक प्रथम कबूल केल्याशिवाय ह्या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतील एक बाई प्राथमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आली होती. एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतीलच एक तरुण विमा प्रतिनिधी माझ्याकडे आला. "काका, एक सही हवी. बाईंचा फॉर्म आहे," तो म्हणाला. फॉर्म इंग्रजीत होता आणि बाईंनी मराठीत सही केली होती. अशा वेळी तिसऱ्या व्यक्तीने लिहून द्यावयाचे असते की, ह्या फॉर्ममधील मजकूर मी अर्जदारास त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे व तो त्यास पूर्णपणे समजला आहे. मी बाईंना काहीही समजावून सांगितले नव्हते. मी स्वतःही तो मजकूर वाचला नव्हता. बाहेर चहा चालला होता, बाई शेजारी उभ्या होत्या, तरुण लहानपणापासून पाहिलेला होता. मी सही केली.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणे हे माझे काम आहे. एका शब्दासाठी आम्ही कधी कधी दोन-दोन दिवस बसतो. मूळ हिब्रू शब्दाची छटा मराठीत उतरली की नाही, खेड्यातील वाचकाला तो शब्द कळेल की नाही, ह्यावर वाद घालतो. आणि त्या दिवशी मी न केलेल्या भाषांतराखाली सही केली.

पुढल्या वर्षी कंपनीचे पत्र आले. बाई ते घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही भाषांतर करता ना? मग हे मला वाचून दाखवा." मी वाचले. त्यांना सांगण्यात आले होते की, दोन लाख रुपये एकदाच भरावयाचे, दहा वर्षांनी दुप्पट मिळतील, बँकेच्या ठेवीसारखेच आहे. कागदावर मात्र दरवर्षी दोन लाख रुपये, असे दहा हप्ते होते. दुसरा हप्ता न भरल्यास विमा बंद पडणार होता, आणि तेव्हाच्या नियमांनुसार एकाच हप्त्यानंतर बंद पडलेल्या अशा विम्यातून काहीही परत मिळत नसे. पसंत नसल्यास विमा परत करण्याची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची होती. ती केव्हाच उलटून गेली होती. कंपनीने खात्री करून घेण्यासाठी दूरध्वनीही केला होता. "विचारतील त्याला हो म्हणा, नाहीतर काम अडते," असे त्या तरुणाने सांगून ठेवले होते, आणि बाईंनी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटले होते.

आता विचार करू या की, येथे दोष कोणाचा? कागद खरा होता. कंपनीने कागदावर कोठेही खोटे लिहिले नव्हते. बाईंची सही खरी होती. माझीही सही खरी होती. तरीही ह्या सगळ्या खऱ्या गोष्टींतून एक असत्य तयार झाले होते आणि एका निवृत्त शिक्षिकेची दोन लाखांची पुंजी बुडण्याच्या बेतात होती.

अनुवाद ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात व्यापाऱ्यासाठी एक आज्ञा आहे. त्या काळी वजने दगडाची असत व व्यापारी ती पिशवीत बाळगीत. एकाच पिशवीत लहान व मोठे अशी दोन वजने ठेवू नयेत, असे नियमशास्त्र सांगते. घेताना मोठे वजन, देताना लहान वजन, ही लबाडी सर्वांना ठाऊक होती. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आज्ञा केवळ खोट्या वजनाने तोलण्याविरुद्ध नाही. दुसरे वजन पिशवीत असण्यालाच मनाई आहे, कारण ते जवळ असले की गरजेच्या दिवशी हात तिकडे जाणारच. नियमशास्त्राला व्यापाऱ्याच्या मनाची चांगली ओळख होती.

विम्याच्या विक्रीत ही दोन वजने कोणती? एक वजन कागदावरचे आणि दुसरे तोंडचे. विकताना तोंडी शब्द वापरला जातो. पैसे देण्याची वेळ आली की कागद काढला जातो. प्रतिनिधी हा खरे पाहता भाषांतरकार असतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिलेला करार तो ग्राहकाच्या भाषेत सांगतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना ह्याचा अनुभव अधिकच येत असेल, कारण तेथे ना करार मराठीत असतो, ना सांगणारा. भाषांतरकाराने मुळात नसलेले घातले किंवा मुळात असलेले गाळले, तर ऐकणाऱ्याला ते कसे कळणार? म्हणूनच तर त्याला भाषांतरकाराची गरज पडली.

विमा ही वस्तूच मुळी अशी आहे की, ती विकत घेताना दिसत नाही. कापड हाताला लागते, धान्य चाळून पाहता येते. विम्यात आपण आज पैसे देतो आणि बदल्यात एक वचन घेतो. ते वचन खरे की खोटे हे वीस वर्षांनी, किंवा रुग्णालयाच्या दारात, किंवा घरातील कर्ता माणूस गेल्यावर कळते. म्हणून कायद्याने फार पूर्वीपासून विम्याला साधा सौदा मानलेले नाही. ह्या करारात परम सद्भाव, म्हणजे पराकोटीचा प्रामाणिकपणा, असावा असे तत्त्व आहे. इंग्लंडमध्ये १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड ह्या न्यायाधीशांनी ते स्पष्टपणे मांडले. सुमात्रा बेटावरील एका इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरविला होता. फ्रेंचांनी तो जिंकला तेव्हा विमा देणारा म्हणाला की, किल्ला दुबळा होता हे माझ्यापासून लपविले. न्यायाधीशांनी निकाल गव्हर्नराच्या बाजूने दिला. सद्भाव दोन्ही पक्षांनी पाळावयाचा असतो, आणि जे तुम्हांला स्वतःला सहज समजून घेता आले असते त्याचा बोजा दुसऱ्यावर टाकता येत नाही, असा त्याचा आशय होता.

पुढे मात्र हे तत्त्व बहुधा एकाच बाजूला वापरले गेले. ग्राहकाने मधुमेह लपविला, वय चुकीचे लिहिले, म्हणून दावे नाकारले गेले. विकणाऱ्याने काय लपविले, हे फार क्वचित विचारले गेले. नव्या करारातील ग्रीक 'पिस्तिस' ह्या शब्दाने आम्हां भाषांतरकारांची नेहमी परीक्षा पाहिली आहे. त्याचा अर्थ विश्वासही होतो आणि विश्वासूपणाही होतो. मराठीत दोन शब्द लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी कोणता घ्यावा हे ठरवावे लागते. परंतु मुळात ते एकच आहेत, हे विसरता कामा नये. जो दुसऱ्याकडे विश्वास मागतो, त्याच्यावर विश्वासूपणाचे ऋण येते. विमा विकणारा बाईंकडे विश्वास मागत होता, आणि तो त्याला मिळालाही. उरलेला अर्धा शब्द कोणी पाळला?

ह्यावर व्यवसायातील जाणकार म्हणतात, "आमच्यावर सोडा. चांगल्या कंपन्यांना आपले नाव प्रिय असते. आम्हीच आचारसंहिता करू, आमच्या वाईट माणसांना आम्हीच आवरू." ह्याला स्वनियमन म्हणतात. ही कल्पना तुच्छ मानू नये. आपण ज्याला आत्मसंयम म्हणतो व पवित्र आत्म्याच्या फळांत गणतो, त्याचेच हे संस्थेतले रूप आहे. पोलिसाच्या भीतीने पाळलेल्या प्रामाणिकपणापेक्षा मनापासून पाळलेला प्रामाणिकपणा श्रेष्ठच. आपल्या देशातही आयुर्विमा परिषद व सर्वसाधारण विमा परिषद ह्या विमा कंपन्यांच्या परिषदांना २०१५ सालच्या कायदादुरुस्तीने स्वनियामक संस्थांचा दर्जा देण्यात आला. प्रतिनिधीला पहिल्या वर्षी हप्त्याच्या किती टक्के दलाली द्यावी, ह्याची मर्यादा पूर्वी १९३८च्या विमा कायद्यातच लिहिलेली होती. २०२३ सालापासून एकूण खर्चाची मर्यादा पाळून दलाली ठरविण्याची मोकळीक कंपन्यांच्या संचालक मंडळांना देण्यात आली.

पण अनुभव काय सांगतो? इंग्लंडचेच उदाहरण घेऊ, कारण आपला विमा कायदा त्याच मुळातून आला आहे. १९७७ साली तेथे करारांतील अन्याय्य अटींविरुद्ध कायदा झाला. विमा करारांना त्यातून वगळण्यात आले, आणि बदल्यात विमा कंपन्यांनी आपण सौम्यपणे वागू असे स्वेच्छेने लिहून दिले. विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून साध्या ग्राहकाचा दावा नाकारू नये, ही गोष्ट कायद्यात येण्यास २०१२ साल उजाडले. दरम्यान कर्जासोबत विकल्या जाणाऱ्या हप्तासंरक्षण विम्याचा मोठा घोटाळा झाला. ज्यांना त्या विम्याचा कधी लाभच मिळू शकला नसता, अशांनाही तो विकला गेला. सर्वसाधारण विम्याच्या विक्रीसाठी व्यवसायाने २००० साली स्थापन केलेली स्वनियामक परिषद २००५ साली सरकारी नियामकाने बाजूला सारली. पुढे बँका व कंपन्यांना ग्राहकांना सुमारे ३८०० कोटी पौंड परत करावे लागले. हे सर्व लबाड माणसांनी केले असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांतील बहुतेक जण आपल्यासारखेच नोकरदार होते. महिनाअखेरीचे लक्ष्य पूर्ण करणे हे त्यांच्या पिशवीतील दुसरे वजन होते.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५६ साली २४५ संस्था एकत्र करून भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यामागे लोकहिताचाच हेतू होता आणि खेड्यापाड्यांत विमा पोचविण्याचे मोठे काम महामंडळाने केले. पुढे अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राचे प्राध्यापक मनुभाई शहा ह्यांनी विमाधारकांवर अन्याय होतो असे दाखविणारा एक अभ्यास प्रसिद्ध केला. महामंडळाच्या 'योगक्षेम' ह्या नियतकालिकात त्याला उत्तर देणारा लेख छापण्यात आला. शहांचे प्रत्युत्तर मात्र छापण्यास नकार मिळाला, कारण ते संस्थेचे घरचे मासिक होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितले की, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने दुसरी बाजूही छापली पाहिजे. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते अशासाठी की, येथे कोणी चोर नव्हता. चांगल्या हेतूने चाललेल्या संस्थेलाही आपल्या घरात आपल्याविरुद्धचा शब्द ऐकणे जड गेले. आपल्या मंडळ्यांचा व संस्थांचा अनुभव ह्याहून फार वेगळा आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येईल काय?

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, आत्मसंयम आणि बाहेरचा साक्षीदार हे एकमेकांचे वैरी नाहीत. जो आत्मसंयम साक्षीदाराला दाराबाहेर ठेवतो, तो आत्मसंयम नसून स्वतःला दिलेली सवलत असते. इस्राएलाला वजनांची आज्ञा देवाकडून मिळाली होती आणि ती त्यांच्या अंतःकरणासाठी होती. तरीसुद्धा वेशीत वडील मंडळी न्यायनिवाडा करण्यास बसत असत. आज्ञा आहे म्हणून वेस ओस पडली नाही. स्वनियमनाचे चांगले उदाहरणही ह्याच वाटेने जाते. इंग्लंडमध्ये १९८१ साली काही विमा कंपन्यांनी आपण होऊन एक लोकपाल नेमला व त्याचा निर्णय आपल्यावर बंधनकारक मानला. आपल्यावर न्याय करण्याचा अधिकार त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला. असे स्वनियमन आदरास पात्र आहे.

आपल्या देशात आज ग्राहकाच्या बाजूने पुष्कळ तरतुदी आहेत, आणि त्या आपल्याला माहीत असणे हा आपल्या जबाबदारीचा भाग आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विम्याला सेवा मानले आणि २०१९च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१५च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्याला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून त्याच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. २०२४ सालापासून विमा पसंत नसल्यास परत करण्याची मुदत तीस दिवसांची झाली आहे. आरोग्य विम्यासोबत सोप्या भाषेतील माहितीपत्रक द्यावे लागते आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळते. कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील नाही. २०२३ सालापासून लोकपाल पन्नास लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात, आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

तरीही ख्रिस्ती वाचकाच्या मनात एक अडचण उरते, आणि ती आमच्या बाईंच्या मनातही होती. "तो आपल्याच मंडळीतला मुलगा आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज कसा करू? क्षमा करावयाची असते ना?" त्यांनी मला विचारले. करिंथ येथील विश्वासणारे एकमेकांविरुद्ध न्यायालयात गेले म्हणून पौलाने त्यांना दिलेला दोषही त्यांना ठाऊक होता. मी त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. विचार करता मला दोन गोष्टी दिसल्या. एक अशी की, पौल तेथे अन्याय झाकून ठेवण्यास सांगत नाही. तुमच्यात निवाडा करण्याजोगा एकही शहाणा माणूस नाही काय, असे तो त्यांना लाजविण्यासाठी विचारतो. दुसरी गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील. अपराध करणाऱ्या भावाकडे प्रथम एकट्याने जावे, मग एकदोघांना बरोबर घेऊन जावे, मग मंडळीला सांगावे, असा क्रम प्रभूने घालून दिला आहे. एकांतात सुरुवात आहे, पण ऐकले नाही तर एकांतात शेवट नाही. त्याच अध्यायात पुढे अमर्याद क्षमेची शिकवण आहे. प्रभूला दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगता आल्या. क्षमा म्हणजे हिशेब लपविणे असे आपण मानले, तर पुढच्या बाईंचेही नुकसान होते आणि त्या तरुणाचेही.

मी त्याच्याकडे एकटा गेलो. तो म्हणाला, "काका, सगळे असेच करतात. आणि सही तर तुमचीही आहे." त्याचे दुसरे वाक्य खरे होते. मग मी पाळकांना घेऊन गेलो. त्याने पुन्हा तेच सांगितले. बाईंनी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचे उत्तर आले की, मजकूर आपल्या भाषेत आपणांस समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र जोडलेले आहे, सबब तक्रार मान्य करता येत नाही. ते प्रमाणपत्र माझे होते. बाईंविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा मी दिला होता.

लोकपालांसमोर सुनावणी झाली तेव्हा मी बाईंबरोबर गेलो व लेखी सांगितले की, मी काहीही समजावून सांगितले नव्हते, माझे प्रमाणपत्र खोटे आहे. ते वाक्य लिहिण्यास मला दोन दिवस लागले. बाईंचा हप्ता परत करण्याचा निर्णय झाला. त्या तरुणाचे ते काम सुटले. तो अजूनही उपासनेला येतो, पण माझ्याशी बोलत नाही. मी त्याची क्षमा मागितली आहे, कारण त्या रविवारी मी फॉर्म वाचला असता तर तोही वाचला असता. त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही, आणि ते मागण्याचा मला हक्क नाही.

वाचकहो, विमा घेऊ नका असे मी म्हणत नाही. एकाचे ओझे अनेकांनी वाहावे ही त्यामागील कल्पना उदात्त आहे. मागणे इतकेच आहे की, सही करण्यापूर्वी कागद घरी आणा. किती वर्षे, किती हप्ते, मध्येच थांबल्यास काय, कोणत्या गोष्टींसाठी पैसे मिळणार नाहीत, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर तोंडी न घेता कागदावर दाखवा असे म्हणा. आपला मधुमेह, आपले वय, आपली शस्त्रक्रिया लपवू नका, कारण पिशवी आपल्याही हातात असते. कंपनीचा दूरध्वनी आला तर जे समजले नाही ते समजले नाही असेच सांगा. आपल्यापैकी जे विमा विकतात त्यांनी आपल्या आईला जसे समजावून सांगितले असते तसे ग्राहकाला सांगावे. आणि आपल्यापैकी ज्यांना इंग्रजी वाचता येते, त्यांच्याकडे कोणी कागद घेऊन आले तर चहा बाजूला ठेवून तो वाचावा.

बाई आजही मला भेटल्या की एखादे पत्र पुढे करतात. कधी बँकेचे, कधी वीज मंडळाचे. मी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवितो.